चित्राची भाषांतरे : मळवलीची शिळा आणि पीण्याचा कॅनव्हास

एखाद्या साहित्यकृतीविषयी लिहावयास बसलेला समीक्षक प्रथम एक गोष्ट पाहून घेतो : आपल्या हाती आहे ते मूळ, की भाषांतर? कालिदासाच्या शाकुंतलाविषयी बोलताना अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या संगीत नाटकाचे गुणदोष तो कालिदासाच्या पदरी बांधीत नाही. ही दक्षता इतकी प्राथमिक आहे की तिचा उच्चार करणेही अनावश्यक वाटावे. चित्रांच्या बाबतीत मात्र ती आपल्याकडे क्वचितच घेतली गेली. राजा रविवर्मा हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कमळावर उभी असलेली लक्ष्मी येते, मोरासन्निध वीणा घेऊन बसलेली सरस्वती येते, पायातील काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतला येते. यांपैकी जे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते ते बहुधा रविवर्म्याने रंगविलेले नसते. कोणा अनाम कारागिराने दगडावर उतरविलेली, कागदावर छापलेली आणि वर व्हार्निश चढविलेली ती एक प्रत असते. किंवा त्या प्रतीचीही प्रत. आणि तरीही ‘रविवर्म्याची चित्रकला’ या विषयावरील निवाडे पिढ्यान्‌पिढ्या याच पुराव्यावर दिले गेले आहेत.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. बंगळूरच्या वायव्येस, तुमकुरू रस्त्याला लागून, पीण्या नावाचे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आहे. १९७० नंतरच्या दशकात ते आकारास आले, आणि यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, तयार कपडे, धातूवर रंगाची भुकटी चढविण्याचे कारखाने अशा शेकडो लहानमोठ्या उद्योगांनी ते गजबजून गेले. २०१४ साली तेथवर मेट्रोही पोहोचली. अशा वसाहतींतून, कापडी फलक आणि पुठ्ठ्याची खोकी छापणाऱ्या यंत्रांच्या शेजारीच, चित्रांच्या कॅनव्हासवरील प्रती आज छापल्या जातात. कॅनव्हासचा गुंडाळा यंत्राला लावलेला असतो. त्यावर शाई धरून ठेवणारा पांढरा लेप आधीच बसविलेला असतो. यंत्राचे शिर मागे-पुढे धावत सूक्ष्म थेंबांचे फवारे सोडीत जाते, आणि पाहता पाहता हंसाशी बोलणारी दमयंती वितावितीने बाहेर येऊ लागते. वाळल्यावर तिच्यावर संरक्षक लेप द्यावयाचा, लाकडी चौकटीवर कापड ताणून मागे पिना ठोकावयाच्या, आणि ती उपाहारगृहाच्या अथवा दिवाणखान्याच्या भिंतीवर जावयास सिद्ध होते.

दुरून पाहणाऱ्यास ते तैलचित्रच वाटते. जवळ जाऊन तिरप्या उजेडात पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते : कापडाची वीण खरी आहे, पण तिच्यावर रंगाचा थर नाही. तैलरंगाने काम करणारा चित्रकार दागिन्याच्या टोकावर रंग जाड ठेवतो, सावलीत तो पातळ पसरतो. येथे मोत्याची चमक आणि पदराखालचा काळोख एकाच सपाटीवर आहेत. ही उणीव ग्राहकाला खटकू नये म्हणून काही ठिकाणी छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक लेपाचे फटकारे कुंचल्याने ओढले जातात. त्या फटकाऱ्यांना रंग नसतो. असतो तो केवळ फटकाऱ्याचा आभास.

ही युक्ती नवी वाटते, पण नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिचीच उलट बाजू महाराष्ट्रात चालू होती. तेव्हा कागद खरा होता आणि कॅनव्हास खोटा. छापून झालेल्या कागदावर व्हार्निश देऊन, वीण कोरलेल्या पृष्ठाखाली तो दाबून, त्यावर कापडाचा पोत उमटविला जाई. ‘ओलिओग्राफ’ हे नाव त्या प्रकाराला तेलाच्या लॅटिन नावावरून पडले, ते तैलचित्राची नक्कल करतो म्हणून. रविवर्म्याचा छापखाना जी चित्रे घरोघर पोहोचवीत होता, ती या जातीची होती.

छापील चित्रे महाराष्ट्रात रविवर्म्याने आणली असे नव्हे. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली. त्याच वर्षी कलकत्त्यास अन्नदाप्रसाद बागची यांच्या पुढाकाराने कलकत्ता आर्ट स्टुडिओ उभा राहिला. चित्रशाळेची रामपंचायतनाची आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची चित्रे रविवर्म्याच्या छापखान्याच्या कितीतरी आधी मराठी घरांत लागलेली होती. परंतु चित्रशाळेचे चित्र हे चित्रशाळेचेच चित्र होते; ते छापण्यासाठीच काढलेले असे. त्यामागे कोठल्या राजवाड्यात टांगलेले मूळ तैलचित्र उभे नव्हते, आणि आपण त्याची प्रत आहोत असा त्याचा दावाही नव्हता. भाषांतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो तो रविवर्म्यापाशी.

त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले तंजावरी मराठी ब्राह्मण सर टी. माधवराव यांनी १८८४ साली रविवर्म्याला पत्र लिहून एक सूचना केली होती. चित्रांना मागणी इतकी, आणि हात मात्र दोनच. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती करवून घ्याव्यात, त्यात कीर्ती आणि लोकसेवा दोन्ही साधतील, असा तिचा आशय. सूचना लगेच अमलात आली नाही. मध्यंतरी सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील प्रसंगांवर चौदा चित्रे मागविली. १८९० च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि जाहीर प्रदर्शनात ती पाहावयास लोकांनी गर्दी केली. आपले नल-दमयंती आणि आपली द्रौपदी अशी देहधारी, सावली पडणारी, कोपऱ्यात उजेड असलेल्या महालात उभी असलेली लोकांनी पूर्वी पाहिलेलीच नव्हती. प्रदर्शन संपले, चित्रे राजवाड्यात गेली, दारे लागली. माधवरावांच्या सूचनेचे बळ त्यानंतर वाढले असल्यास नवल नाही.

१८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मन, भागीदार गोवर्धनदास खटाव मखनजी, आणि व्यवहाराचा बराच भार रविवर्म्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा याच्यावर. हा भाऊ स्वतः चांगला निसर्गचित्रकार होता. त्याने इंग्रजीत ठेवलेली दैनंदिनी पुढे प्रसिद्ध झाली असून, चित्रकाराच्या घरात पैसा, प्रवास आणि छापखाना यांची काळजी कशी वावरत होती हे तीवरून कळते. छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे : मेनका मूल पुढे करीत आहे आणि विश्वामित्र हाताने नको म्हणत तोंड फिरवीत आहे.

येथे थोडे थांबून ते चित्र कागदावर कसे आले हे पाहणे अवश्य आहे. कारण समीक्षकाने सहसा न पाहिलेली जागा ती हीच. शिळाछापाची युक्ती आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधून काढली. तेथील झोल्नहोफेनच्या खाणीतील चुनखडीचा दगड बारीक कणांचा असतो. तो घोटून सपाट करावयाचा, त्यावर स्निग्ध खडूने किंवा शाईने रेखाटावयाचे, डिंकाच्या पाण्यात किंचित नत्राम्ल घालून त्याचा हात फिरवावयाचा. मग दगड ओला केला की रेखाटलेली जागा पाणी घेत नाही आणि उरलेली जागा तेलकट शाई घेत नाही. सारे शास्त्र तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभे आहे. १८३७ साली एंगेलमान याने फ्रान्समध्ये या रीतीने अनेक रंगांत छापण्याचे एकस्व घेतले, आणि तेव्हापासून प्रत्येक रंगासाठी एक निराळा दगड हा नियम झाला.

आता बडोद्याच्या एखाद्या तैलचित्रापुढे बसलेल्या शिळाकाराची कल्पना करावी. त्याच्यासमोर असलेल्या दमयंतीच्या गालावर रंग किती आहेत? चित्रकाराला हा प्रश्न पडलाच नव्हता. त्याने ओल्या रंगात ओला रंग मिसळला होता. शिळाकाराला मात्र त्याचे निश्चित उत्तर द्यावे लागते, कारण उत्तराइतके दगड त्याला लागणार आहेत. तो प्रथम साऱ्या आकृत्यांच्या बाह्यरेषांचा एक नकाशा काढतो आणि त्याची छाप प्रत्येक दगडावर उतरवून घेतो. मग पिवळ्याचा दगड : चित्रात जेथे जेथे पिवळा आहे, हिरव्याच्या पोटातला आणि कातडीच्या तळाचाही, तेथे तेथे तो ठिपक्यांनी भरतो. मग तांबडा, मग निळा, मग कातडीच्या छटा, करडा, शेवटी गडद. आणि हे सारे उलटे, आरशात पाहिल्यासारखे. कारण छापताना ते सुलट व्हावयाचे असते. दगडावर त्याला रंग दिसत नाहीत. दिसतात ते केवळ काळे ठिपके, आणि यातील दाट ठिपका गुलाबी होणार की जांभळा हे त्याने मनात धरावयाचे. नंतर तोच कागद दर दगडाखालून एकेकदा जाणार, मधल्या काळात हवेच्या दमटपणाने तो केसभर फुगणार वा आखडणार, आणि जुळणी चुकली तर देवीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर पडणार. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांच्या कौशल्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

या मनुष्याला नक्कलकार म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. चित्रकाराच्या अखंड वाक्याचा तो पदच्छेद करतो, प्रत्येक पदाला आपल्या भाषेतला पर्याय शोधतो, आणि पुन्हा वाक्य जुळवितो. भाषांतरकार करतो ते याहून निराळे नसते. आणि भाषांतरात जे होते तेच येथेही झाले : मुळातील संदिग्ध जागा स्पष्ट झाल्या. तैलचित्रात खांद्याची कडा मागच्या अंधारात विरघळते. दगडावर ठिपक्याला कोठेतरी थांबावेच लागते, म्हणून छापात तिथे रेषा आली. तैलचित्रातील सावली तपकिरी, ऊबदार आणि अनेक थरांची. छापात ती एका करड्या दगडाच्या हवाली झाली. कातडी अधिक गुलाबी, आभाळ अधिक निळे, चेहरे अधिक गोड झाले. बडोदा, म्हैसूर, त्रिवेंद्रम किंवा आपल्या औंध येथील मूळ चित्रांपुढे जो उभा राहिला असेल, त्याला ही चित्रे आपल्या आठवणीपेक्षा किती काळोखी आणि किती संथ आहेत याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

पण याला सरसकट हानी म्हणण्याचे कारण नाही. दुसरीकडे कमावलेलेही काही आहे. बाह्यरेषा बळकट झाल्यामुळे छापील लक्ष्मी दहा पावलांवरून ओळखू येते. समईच्या उजेडात, काजळी धरलेल्या कोनाड्यात, तिला तसे ओळखू यावयाचेच होते. मूळ चित्र राजवाड्याच्या उंच खिडक्यांच्या उजेडासाठी होते. छापील प्रत तुळशीबागेतून विकत घेऊन माजघरात लावण्यासाठी. शिळाकाराने जाणून केले असो वा नसो, त्याने भाषा बदलली तशी वाचकाची जागाही ओळखली.

छापखाना धंदा म्हणून मात्र फार काळ भावंडांच्या हाती टिकला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कारखाना गिरगावातून घाटकोपरला आणि १८९९ च्या सुमारास मळवलीला गेला. मळवली म्हणजे पुण्याकडे जाताना लोणावळ्याच्या पुढचे स्थानक. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांच्या मधला हा टापू. बौद्ध शिल्पकारांनी जेथे दगडात चैत्य कोरले, तेथेच दोन हजार वर्षांनी जर्मनीहून आणलेल्या दगडांवर हिंदू देवता रेखाटल्या जाऊ लागल्या. या योगायोगात कोणी काही अर्थ शोधू नये. रेल्वे आणि स्वच्छ हवा एवढेच त्याचे कारण असावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच कर्ज आणि दगदग यांना कंटाळून वर्मा बंधूंनी छापखाना तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर याला विकला, आणि त्याबरोबर बऱ्याच चित्रांचे छपाईचे हक्कही. राजराज वर्मा १९०५ च्या जानेवारीत वारला. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे.

या विक्रीनंतरची गोष्ट समीक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. चित्रकार गेला, पण छापखान्याचे नाव ‘रविवर्मा प्रेस’ हेच राहिले आणि चित्रे निघतच राहिली. त्यांत जुन्या दगडांची पुनर्मुद्रणे होती, जुनी आकृती घेऊन पार्श्वभूमी बदललेली चित्रे होती, आणि सर्वस्वी दुसऱ्यांनी काढलेलीही होती. देवदेवता, संत, आगपेट्यांवरच्या आणि कापडाच्या ताग्यांवरच्या चिठ्ठ्या, दिनदर्शिका या साऱ्यांत त्या शैलीचे पाझर गेले. सामान्य ग्राहकाने चित्राखालचे ‘रविवर्मा’ वाचले आणि ‘प्रेस’ सोडून दिले. एखाद्या प्रकाशनसंस्थेला कवीचे नाव असावे आणि तिने प्रसिद्ध केलेली सारी पुस्तके त्या कवीच्या नावावर खपावीत, तसा हा प्रकार झाला.

या कारखान्याचा एक उपकार मराठी माणसाने विसरण्याजोगा नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी या छापखान्यासाठी काम केले. पुढे स्वतःचा छापखाना काढला, १९०९ साली यंत्रांसाठी जर्मनीची वारी केली, आणि भागीदारांशी न पटल्याने तो धंदा सोडला. १९१३ साली पडद्यावर आलेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातील पात्रांच्या उभे राहण्याची ढब कोठून आली हे सांगावयास नको. रविवर्म्याने आपल्या नायिका नाटकमंडळ्यांच्या रंगभूमीवरून उचलल्या, असे अभ्यासक म्हणतात; त्यांची नऊवारी लुगडी त्याला दुजोरा देतात. रंगभूमीवरून कॅनव्हासवर, तेथून दगडावर, दगडावरून पुन्हा रंगभूमीवर आणि पडद्यावर, असा हा फेरा आहे. त्यात ‘मूळ’ कोणते हा प्रश्न विचारणारा थकून जाईल.

आता निवाड्याकडे वळावयाचे. रविवर्म्याच्या मृत्यूनंतर लवकरच त्याच्यावर आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आणि ई. बी. हॅवेल यांनी जी टीका केली ती सर्वश्रुत आहे. पौराणिक विषयांना लागणारी उदात्तता त्याच्या ठिकाणी नाही, देवतांना त्याने नाटकी स्त्रियांचे रूप दिले, पाश्चात्त्य रीतीचा स्वीकार करून भारतीय दृष्टी गमावली, असा तिचा रोख. या टीकाकारांची विद्वत्ता आणि कळकळ निःसंशय होती. पण त्यांच्या वाचकासमोर पुरावा कोणता होता? बडोद्याचे वा म्हैसूरचे राजवाडे त्याने पाहिले नव्हते. त्याने पाहिले होते ते भिंतीवरचे ओलिओग्राफ. म्हणून टीका वाचताच त्याने मान डोलावली. पुढील पन्नास वर्षांत आपल्याकडे ‘कॅलेंडरी’ हे विशेषण शिवीसारखे वापरले गेले तेव्हा रविवर्म्याच्या नावावर जमा झालेल्या आरोपांत दोन निरनिराळे आरोप एकवटले होते. हावभावांची नाटकीयता हा दोष चित्रकाराचा आहे. मूळ चित्रांपुढे उभे राहिले तरी तो मावळत नाही, आणि त्याविषयी कुमारस्वामींशी फारसे भांडता येणार नाही. रंगांचा भडकपणा, चेहऱ्यांचा गुळचटपणा आणि काचेसारखी तकाकी ही मात्र बव्हंशी दगडाची, शाईची आणि व्हार्निशची करणी होय. भाषांतरातील ग्राम्यता मूळ ग्रंथकाराच्या माथी मारून आपण त्याला शंभर वर्षे शिक्षा केली.

यातील उपरोध असा की ज्या बंगाली चित्रसंप्रदायाला रविवर्म्याविरुद्ध उभे केले गेले, त्याचा प्रसारही छपाईनेच झाला. रामानंद चट्टोपाध्याय यांची ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ ही मासिके अवनींद्रनाथांची चित्रे रंगीत छापीत. त्यामागे उपेंद्रकिशोर राय यांचे ठसे करण्यातील असामान्य प्रभुत्व होते. हाफटोन ठशात कॅमेरा रंगांची फोड करतो. शिळाकाराची जागा त्याने घेतली, आणि अवनींद्रनाथांचे धूसर जलरंग त्या पद्धतीत रविवर्म्याच्या तैलरंगांपेक्षा कमी दुखावले. एकाला भाषांतरकार चांगला मिळाला, दुसऱ्याला तितका चांगला मिळाला नाही, एवढेच याचे तात्पर्य नव्हे. पण एवढेही कोणी हिशेबात धरले नाही.

वाल्टर बेन्यामिन याने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे तेजोवलय नाहीसे होते. पूजामूल्य जाऊन प्रदर्शनमूल्य येते. युरोपातील चर्चच्या चित्रांविषयी ते खरे असेल. मळवलीच्या लक्ष्मीची गोष्ट उलटी आहे. बडोद्याचे मूळ चित्र प्रेक्षणीय वस्तू म्हणून राजवाड्यात राहिले. त्याला कोणी हळदकुंकू वाहिले नाही. पूजा झाली ती प्रतीची. घरच्या बायकांनी तिच्यावर टिकल्या, जर आणि कापडाचे तुकडे चिकटवून तिला खरे लुगडे नेसविले, खऱ्यासारखे दागिने घातले. हजारो प्रतींपैकी ही एक, ही जाणीव त्या हातांना आड आली नाही. सजविल्यानंतर ती एकमेवच होती.

याच संदर्भात एक विधान वारंवार केले जाते : देवळात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्या घरी या छापांनी देव नेला, म्हणून रविवर्म्याने देवदर्शनाचे लोकशाहीकरण केले. विधानात तथ्य आहे, पण ते जपून करावयास हवे. छापलेली मूर्ती घरात आली म्हणून देवळाचे दार उघडले नाही. रविवर्म्याची चित्रे गल्लोगल्ली पोहोचून तीन तपे लोटल्यावरही, १९३० साली, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तो पाच वर्षे चालला, आणि तरीही दार बंदच राहिले. कागदाला जात आड येत नव्हती, ती उंबरठ्याला येत होती. छापखान्याचे श्रेय त्याला द्यावे; त्याच्या पलीकडचे देऊ नये.

१९७२ साली मळवलीच्या कारखान्याला आग लागून तो नष्ट झाला. शिळाछापाचे युग त्यापूर्वीच ओसरले होते. ऑफसेट यंत्रांनी भिंती काबीज केल्या होत्या आणि दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी नव्या पिढीची आवड घडविली होती.

मग पुन्हा पीण्या. फवाऱ्याने छापण्याच्या या पद्धतीला कलाव्यवहारात स्थान मिळाले ते १९९१ च्या सुमारास, अमेरिकेत. मुळात छपाईपूर्वीचे नमुने काढण्यासाठी बनविलेली यंत्रे तेथे कलाप्रतींसाठी वापरात आली, आणि जॅक ड्यूगन नावाच्या मुद्रकाने फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘झिक्ले’ हे नाव योजिले. ‘संगणकी छाप’ म्हटल्याने ग्राहक दुरावतो, हे त्याचे कारण. आरंभीच्या शाया लवकर विटत. पुढे रंगद्रव्याच्या शाया आल्या आणि आठ ते बारा रंगांत छपाई होऊ लागली. आता रंगांचा पदच्छेद करणारा मनुष्य उरलेला नाही. संगणकातील कोष्टक ठरविते की या कॅनव्हासवर, या शाईने, हा तपकिरी किती तांबड्याचा व किती काळ्याचा. अशा वेळी हे भाषांतर नव्हे, ही निव्वळ नक्कल आहे, आणि म्हणून ती अधिक प्रामाणिक आहे, असे वाटण्याचा संभव असतो.

वस्तुतः निर्णय संपलेले नाहीत, ते फक्त पुढेमागे सरकले आहेत. चित्राचे छायाचित्र कोणत्या उजेडात घेतले, जुन्या व्हार्निशचा पिवळेपणा ठेवला की काढला, भिंतीच्या मापात बसविण्यासाठी वरचे आभाळ किती कापले, गिऱ्हाईकाला ‘उठाव’ हवा म्हणून गडदपणा किती वाढविला, हे कोणीतरी माणूसच ठरवितो. शिळाकार निदान मूळ चित्रापुढे बसत असे. यंत्राशेजारचा कारागीर पडद्यावरच्या चित्रापुढे बसतो, आणि त्या चित्राचे मूळ कोणते हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. रविवर्म्याच्या चित्रांवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. १९७९ साली त्याच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या, त्यामुळे मूळ चित्र देशाबाहेर नेता येत नाही, पण प्रत कोणीही छापू शकतो. मूळ चित्राची उत्तम प्रतिमा मिळवावयास राजवाडा व संग्रहालय यांची परवानगी लागते. जुना ओलिओग्राफ मात्र बाजारात मिळतो. परिणामी ‘रविवर्म्याचे तैलचित्र’ म्हणून कॅनव्हासवर छापल्या जाणाऱ्या कित्येक प्रती तैलचित्राच्या नसून ओलिओग्राफच्या असतात. कागदावर दाबून उमटविलेली खोटी वीण त्यांत खऱ्या विणीवर छापली जाते. भिंगातून पाहिल्यास शिळाकाराचे ठिपकेही सापडतात. दगडाशी संबंध नसलेल्या यंत्राने ते इमानाने फवारलेले असतात.

ज्या शहराच्या कडेला पीण्या आहे त्याच शहरात या छापांचा अत्यंत काळजीपूर्वक अभ्यासही झाला आहे, ही समाधानाची बाब म्हटली पाहिजे. बंगळूरचे गणेश शिवस्वामी यांनी हे ओलिओग्राफ जमवून, त्यांच्या आवृत्त्यांतील फरक पारखून, २०२२ पासून अनेक खंडांत त्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. साहित्यात ज्याला पाठचिकित्सा म्हणतात तीच ही विद्या : कोणती प्रत कोणत्या चित्रावरून, कोणत्या कारखान्याची, विक्रीपूर्वीची की नंतरची. मराठी कलासमीक्षेने ती आपलीशी केल्यावाचून रविवर्म्याविषयीचे आपले निवाडे फेरतपासणीस येणार नाहीत.

जुन्या ओलिओग्राफच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत एक ओळ असे : चित्राचे नाव, ‘रविवर्मा प्रेस’, आणि कार्ले किंवा लोणावळे हे ठिकाण. कॅनव्हासची प्रत चौकटीवर ताणताना चारी बाजूंची दोन-दोन बोटे पट्टी मागे मुडपावी लागते. खालची कडा कारागीर दुमडतो, पिना ठोकतो, आणि ती ओळ लाकडाच्या मागे जाते.